आपल्या बाजूचं भूत

'बीटलज्यूस' या मूळ चित्रपटात त्याच नावाचं भूत लिडिया नावाच्या मुलीशी जबरदस्तीनं लग्न लावू पाहतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण ज्यांनी त्यावरून निघालेली कार्टून मालिकाच फक्त पाहिली आहे त्यांना हे ऐकून धक्का बसतो. आणि ज्यांनी फक्त चित्रपट पाहिलाय, त्यांचा विश्वासच बसत नाही की या दोघांना जिवलग दोस्त करून कुणी शाळकरी मुलांसाठी शनिवार सकाळची मालिका काढली असेल. पण काढली, आणि माझ्या लेखी ती चित्रपटाइतकीच मोलाची आहे. काही बाबतींत जास्तच.

टिम बर्टनचा हा चित्रपट मार्च १९८८ मध्ये आला. कनेटिकटमधल्या एका लहानशा गावातलं तरुण जोडपं गाडीसकट पुलावरून नदीत पडतं, घरी परततं, आणि आपण मेलोय हे त्यांना हळूहळू उमगतं. मग त्यांच्या घरात न्यूयॉर्कहून आलेलं एक श्रीमंत कुटुंब राहायला येतं. त्या कुटुंबाला पळवून लावण्यासाठी हे जोडपं बीटलज्यूस नावाच्या नामचीन भुताला पाचारण करतं आणि पस्तावतं. मायकल कीटन या भुताच्या वेषात सगळा मिळून जेमतेम सतरा-अठरा मिनिटं पडद्यावर आहे, तरी लक्षात तोच राहतो. राठ विस्कटलेले केस, चेहऱ्यावर शेवाळ, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सूट. त्या वर्षीचं रंगभूषेचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं. मेल्यानंतरही माणसांना कचेरीत नंबर घेऊन बाकावर ताटकळत बसावं लागतं, ही त्यातली कल्पना मला आजही थोर वाटते. आणि त्या नव्या कुटुंबातली मुलगी लिडिया. काळे कपडे, हातात कॅमेरा, मोठ्यांना न दिसणारी भुतं हिला दिसतात. ती इतकी एकटी पडलेली असते की जगणं नको झाल्याची चिठ्ठी लिहायला बसते.

हा काही मुलांचा ऐवज नव्हे. तरी दीडच वर्षात, ९ सप्टेंबर १९८९ ला, अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर कार्टूनचा पहिला भाग लागला.

चित्रपटांवरून कार्टून काढायची तेव्हा लाटच होती. 'घोस्टबस्टर्स'वरून काढलेली मालिका याच वाहिनीवर १९८६ पासून चालू होती आणि ती मलाही आवडायची. पण तिच्यातलं भूत म्हणजे काम. फोन येतो, चौघं गाडी काढतात, भूत पकडतात आणि कोंडून ठेवतात. बीटलज्यूसच्या मालिकेनं त्याच्या अगदी उलटी वाट धरली. चित्रपटातलं मेलेलं जोडपं, ज्यांची ती मुळात गोष्ट होती, तेच अख्खं गाळून टाकलं. गावाचं नाव बदललं. भूत आणि मुलगी यांना मधोमध आणून ठेवलं आणि त्यांची मैत्री आधीच झालेली आहे असं गृहीत धरलं. ती कशी झाली, कधी झाली, याचं स्पष्टीकरण मालिका देत बसत नाही. मुलांना असलं स्पष्टीकरण लागतही नाही. मधल्या सुट्टीत कुणीतरी शेजारी येऊन डबा उघडतं आणि मैत्री झालेली असते.

बाकी सगळं भयाण तसंच ठेवलं, आणि मला मालिकेचं खरं धाडस इथं दिसतं. मुलांसाठी म्हणून भीतीदायक गोष्ट करायला घेतली की बहुतेक लोक आधी तिचे दात काढतात. इथं अळ्या आहेत, झुरळं आहेत आणि बीटलज्यूस ती चवीनं खातो. नीदरवर्ल्ड नावाचं मेलेल्यांचं जग आहे, तिथं वाळूत राहणारे अजस्र पट्टेदार किडे आहेत. बीटलज्यूसच्या घरात जॅक नावाचा व्यायामवेडा फ्रेंच सांगाडा आणि टॅप डान्स करणारी जिंजर नावाची कोळीण राहते. डूमी नावाची गाडी आहे, तिला स्वतःचं मन आहे आणि राग आला की तिला दात फुटतात. रंग जांभळे, शेवाळी, विटकरी. घरांच्या भिंती सरळ उभ्या राहत नाहीत. डॅनी एल्फमननं चित्रपटासाठी केलेलं संगीतच नव्या रूपात शीर्षकाला वापरलं होतं आणि त्याचे पहिले चार सूर ऐकले की माझ्या मानेवरचे केस अजून उभे राहतात. भीतीचा सगळा मालमसाला जिथल्या तिथं ठेवून त्यांनी एक नातं तेवढं बदललं. जो अंगावर येत होता तो बाजूला येऊन उभा राहिला.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही दादरहून टोरोंटोला आलो. स्कारबरोमध्ये एका उंच इमारतीत दोन खोल्यांची जागा होती. आई शनिवारीही कामाला जायची, बाबांची रात्रपाळी असायची, त्यामुळे सकाळी ते झोपलेले. घरात आवाज करायचा नाही एवढाच नियम. मी टीव्हीचा आवाज अगदी कमी करून पडद्यापासून हातभर अंतरावर बसायचे.

टोरोंटोच्या त्या पिढीला हे सांगावं लागणार नाही, पण इतरांसाठी सांगते. आमच्याकडे अमेरिकन वाहिन्या तलावापलीकडच्या बफेलो शहरातून यायच्या. एबीसी म्हणजे बफेलोचं सातवं चॅनल. त्यामुळे बफेलोच्या बातम्याही घरबसल्या कानांवर पडायच्या आणि त्यांत कुठं ना कुठं आग लागलेली असायचीच. चीकटोवागा आणि टोनावांडा ही गावं मी नकाशावर पाहण्याआधी आगीच्या बातम्यांमधून ओळखत होते. मला कितीतरी दिवस वाटायचं की लिडियाचं गावही तिकडंच, बफेलोच्या आसपास असणार.

लिडिया नवीन शाळेत जाते. मिस शॅनन्स स्कूल फॉर गर्ल्स. चित्रपटाच्या शेवटी या शाळेचं नाव येऊन जातं, मालिकेनं ते उचलून तिथं एक अख्खं जग वसवलं. क्लेअर ब्रूस्टर नावाची सोनेरी केसांची, श्रीमंत, नाक वर करून चालणारी मुलगी वर्गात आहे. लिडियाच्या मैत्रिणी दोनच, बर्था आणि प्रुडन्स, आणि त्याही तिच्यासारख्याच कोपऱ्यात बसणाऱ्या. माझ्याही वर्गात एक क्लेअर होती. माझ्या डब्याच्या वासावरून ती जे बोलायची ते इथं लिहिणार नाही. पण मालिकेनं मला जे दिलं ते असं की लिडिया क्लेअरसारखी व्हायचा प्रयत्न कधीच करत नाही. तिला कोळी आवडतात, स्मशानं आवडतात, अंधाऱ्या जागांचे फोटो काढायला आवडतात, आणि मालिका एकदाही तिला 'आता जरा रंगीत कपडे घाल' म्हणत नाही. चित्रपटातल्या लिडियाचा काळोख म्हणजे दुःख होतं. कार्टूनमधल्या लिडियाचा काळोख म्हणजे तिची आवड. एखाद्या मुलीला काळा रंग नुसता आवडू शकतो, तिला काही झालेलं नसतं, हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मुलांच्या टीव्हीवर म्हणणं फार मोठं होतं.

दुसरी गोष्ट भाषेची. शाळेत मला इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांच्या वेगळ्या तासाला बसवायचे. तिथं वाक्प्रचारांची यादी पाठ करायला मिळायची. बीटलज्यूसचा स्वभावधर्म असा की तो जो वाक्प्रचार उच्चारेल तो त्याच्या शरीरावर शब्दशः घडतो. 'तुकडे तुकडे झालो' म्हणाला की हात इकडे, पाय तिकडे, आणि डोकं मधे बडबडत राहिलेलं. एका भागात तर त्याच्या कपाटात लपवलेली गुपितं खरोखरचे सांगाडे होऊन बाहेर येतात. मुलं हसायची ती कोटीला. मला मात्र त्या चित्रातून अर्थ लागायचा. आधी चित्र, मग शब्द, मग सोमवारी वर्गात तोच वाक्प्रचार आला की मला तो ओळखीचा. यादीतून मी जे शिकले त्यातलं किती टिकलं कोण जाणे, पण बीटलज्यूसच्या हातापायांवरून शिकलेलं एकही इंग्रजी मी विसरलेले नाही.

आणि मग मी त्याला मराठी शिकवायला घेतलं. एका वहीत त्याची चित्रं काढायचे. पोटात कावळे ओरडताहेत: सूटची बटणं उघडी आणि आत खरे कावळे. हातपाय गाळलेत: हात खांद्यातून निखळून जमिनीवर. तोंडचं पाणी पळालं: पाण्याला दोन पाय, ते दारातून बाहेर. जीव टांगणीला लागला: दोरीवर चिमट्यानं अडकवलेला इवलासा बीटलज्यूस. हे करताना मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्या घरची भाषाही अशीच अंगाखांद्यांची, चित्रांनी भरलेली आहे. दादरला असते तर 'पाचावर धारण बसली' या शब्दांकडे मी कधी दोनदा पाहिलं नसतं.

दुसऱ्या हिवाळ्यात आजी आली. आरवलीची माझी आजी, वेंगुर्ल्याजवळची. तिला इंग्रजीचा गंध नव्हता, पण शनिवारी सकाळी ती माझ्या शेजारी शाल गुंडाळून बसायची आणि पाहायची. सबवेच्या सरकत्या जिन्यावर पाय टाकायला ती घाबरायची, भुतांना मुळीच नाही. पहिल्यांदा बीटलज्यूस पाहिला तेव्हा तिनं त्याला नीट निरखलं, मग लिडियाकडे पाहिलं आणि म्हणाली, "भिया नको गो. तो त्या चेडवाची राखण करता. आपल्या राखण्यासारखोच हा तो." चेडू म्हणजे मुलगी, राखणो म्हणजे राखणदार.

ज्यांना तळकोकण माहीत नाही त्यांना हे वाक्य चमत्कारिक वाटेल. आरवलीचा ग्रामदेव वेतोबा. वेताळच तो, भुतांचा राजा, उंच, उग्र, हातात तलवार. पण गावाला तो आपला. रात्री तो शिवेवर फिरून गावाची राखण करतो अशी श्रद्धा आहे, आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक नवस फेडताना त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. केळ्यांचे घड वाहतात. लहान मुलांना त्याच्या पायांशी घालतात. जगातलं सगळ्यात मोठं भूत आपल्या बाजूला आहे, आणि त्याची पादत्राणं झिजतात याची काळजी आपण करायची, अशा गावात वाढलेल्या बाईला एका मुलीचा भूत-मित्र समजवून सांगायची गरजच नव्हती. चित्रपट पाहून समीक्षकांनी काय लिहिलं, मालिकेबद्दल कुणाला काय वाटलं, ते मी पुढं पुष्कळ वाचलं. आजीइतकं नेमकं मला कुणाकडून मिळालं नाही.

पुढं एकदा जानेवारीच्या रात्री बाबांनी आम्हां दोघींना गॅलरीत नेऊन आकाशातलं मृग नक्षत्र दाखवलं, आणि त्याच्या वरच्या बाजूचा तांबूस तारा. इंग्रजीत त्याचं नाव तेच जे या भुताचं. चित्रपटात ते ताऱ्यासारखंच लिहिलंय, हे बाबांना ठाऊक होतं. आजी म्हणाली, ही तर आर्द्रा. आर्द्राची देवता रुद्र, आणि रुद्राच्या मागे भूतगण चालायचेच. तिच्या दृष्टीनं सगळं जागच्या जागी बसलं होतं. आर्द्रा लागल्यावर भातशेतीत किती पाऊस लागतो, यावर ती पुढं बराच वेळ बोलत राहिली. आम्ही कुडकुडत ऐकलं.

मालिका माझ्याच शहरात बनत होती, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं. नेल्वाना ही टोरोंटोची कंपनी, १९७१ साली तीन तरुणांनी काढलेली. तिचं नाव चाळीसच्या दशकातल्या एका कॅनेडियन कॉमिकमधल्या नायिकेवरून घेतलं. 'केअर बेअर्स' आणि 'बाबार'ही त्यांचेच. बर्टन कार्यकारी निर्माता म्हणून सोबत होता. तो स्वतः आधी डिस्नेमध्ये अॅनिमेटर होता, त्यामुळे कागदावरची रेघ काय करू शकते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. लिडियाचा आवाज दिला अॅलिसन कोर्टनं, ती टोरोंटोचीच, आणि तेव्हा ती स्वतः शाळकरी वयाची होती. मोठ्या बाईनं लहान मुलीचा काढलेला आवाज आणि खऱ्या मुलीचा आवाज यांत फरक असतो. लिडिया बीटलज्यूसला रागावते तेव्हा तो फरक स्पष्ट ऐकू येतो.

बीटलज्यूसचा आवाज स्टीफन विमेटचा. कीटनची नक्कल करण्याच्या फंदात तो पडला नाही. खरखरीत, लबाड, पण लिडियाशी बोलताना एक पायरी खाली उतरणारा आवाज त्यानं शोधला. हा माणूस मूळचा नाटकवाला, ऑन्टारिओतल्या स्ट्रॅटफर्ड नाट्यमहोत्सवाचा जुना नट. १९९४ साली तिथं तो हॅम्लेट झाला. बापाचं भूत पाहणारा हॅम्लेट! आणि पुढं एका कॅनेडियन मालिकेत त्यानं एका नाट्यदिग्दर्शकाचं काम केलं, जो सुरुवातीलाच मरतो आणि मग भूत होऊन आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या मागे मागे फिरत त्याला सल्ले देत राहतो. ती मालिका पाहताना मला तो आवाज ओळखू आला तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहिले. जिवंत माणसाला सोडून जायला तयार नसलेलं, प्रेमळ आणि त्रासदायक भूत. त्याला ते आधीपासून येत होतं.

१९९० मध्ये मालिकेला डेटाइम एमी, म्हणजे दिवसा लागणाऱ्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमांचं पारितोषिक, मिळालं, 'विनी द पू'च्या मालिकेसोबत विभागून. एका वर्षी सर्वोत्तम कार्टून म्हणून मधाच्या बरणीत हात घालणारं अस्वल आणि अळ्या खाणारं भूत यांना शेजारी शेजारी उभं केलं, या गोष्टीचा मला अजूनही आनंद होतो.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात. १९९१ मध्ये फॉक्स वाहिनीलाही मालिका हवी झाली, रोज दुपारी दाखवायला. त्यासाठी एका दमात पासष्ट भाग केले. एबीसीवर शनिवारचे नवे भाग त्याच सुमारास चालूच होते. एकूण चौऱ्याण्णव भागांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक त्या एका हंगामातले. इतका रोजचा रतीब घालायचा तर दम लागणारच. लिडियाची शाळा, तिचं घर, तिचे भांबावलेले वडील आणि वेड्यावाकड्या मूर्ती घडवणारी आई मागे पडली. गोष्टी बव्हंशी नीदरवर्ल्डमध्येच घडायला लागल्या, प्रसिद्ध चित्रपटांची आणि कथांची विडंबनं वाढली. त्यांतली काही झकास आहेत. पण लिडिया दोन जगांमध्ये ये-जा करते हाच मालिकेचा कणा होता. घरातून निघायचं, तीनदा बीटलज्यूसचं नाव घ्यायचं, पलीकडं जायचं, जेवायच्या वेळेला परत यायचं. दोन जगांत वावरणाऱ्या मुलांना ती ये-जा आपली वाटायची. ६ डिसेंबर १९९१ नंतर नवा भाग आला नाही.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये चित्रपटाचा दुसरा भाग आला. कीटन आणि लिडिया झालेली विनोना रायडर, दोघंही परत. मी पहिल्याच आठवड्यात गेले. लिडिया आता मोठी झालीय, टीव्हीवर भुतांचा कार्यक्रम करते, आणि बीटलज्यूस दिसला की दचकते. इतक्या वर्षांनीही त्याला तिच्याशी लग्नच करायचंय. चित्रपट म्हणून तो आपल्या जागी ठीक आहे, त्यानं पहिल्या चित्रपटाशी इमान राखलंय. पण मी अंधारात बसून शेवटपर्यंत वाट पाहत होते की ती एकदा तरी त्याच्याकडे ओळखीचं हसेल. तसं होणार नाही हे मला कळत होतं. माझी लिडिया त्या पडद्यावर कधी नव्हतीच.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मालिकेचा सगळा संच डीव्हीडीवर २०१३ मध्येच निघालाय. तो मी तेव्हाच घेऊन ठेवला होता. आम्ही 'क्रिटर सिटर्स' या पहिल्या भागापासून सुरुवात केली आणि पहिले तेरा एका महिन्यात संपवले. तिला चित्रपट इतक्यात दाखवायचा नाही असं मी ठरवलंय. बीटलज्यूस आधी मित्र म्हणून भेटू दे.

गेल्या हॅलोविनला तिला लिडिया व्हायचं होतं. लाल कापडाचा पोंचो शिवला, त्यावर काळ्या रेशमानं कोळ्याचं जाळं काढलं, केस वर उभे बांधले. दुसऱ्या चित्रपटापासून लिडिया सगळ्यांना पुन्हा ठाऊक झालीय, त्यामुळे दर दारात लोकांनी तिला ओळखलं. पण ओळखलं ते चित्रपटातली लिडिया म्हणून. एका आजोबांनी तर विचारलं, लाल लग्नाचा ड्रेस कुठाय? "ती सिनेमातली," ती म्हणाली, "मी कार्टूनमधली." आजोबांना फरक कळला नाही. मग चॉकलेटची पिशवी पायरीवर ठेवून तिनं त्यांना सगळं सांगायला घेतलं: ते दोघं बेस्ट फ्रेंड्स आहेत, लग्नबिग्न काही नाही, त्याला आंघोळ आवडत नाही, त्यांची एक गाडी आहे तिला दात आहेत. मागे उभी असलेली मुलं खोळंबली होती. तिला त्याची पर्वा नव्हती, ती आता जॅक आणि जिंजरपर्यंत पोहोचली होती.